महापालिकेच्या रुग्णालयात बाळंतपण: नाव घालण्यापासून जन्मदाखल्यापर्यंत

मुंबईत पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या बाईला सल्ले पुष्कळ मिळतात. पण महापालिकेच्या रुग्णालयात नाव घालायचे तर कोणता कागद कधी लागतो आणि रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्यावर समोरच्या डॉक्टरांना नेमके काय सांगायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. माझे पहिले बाळंतपण घराजवळच्या प्रसूतिगृहात व्हायचे ठरले होते. आयत्या वेळी रक्तदाब वाढला आणि मला मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. त्या धावपळीत रक्तगटाचा आणि इतर रक्ततपासण्यांचा रिपोर्ट घरच्या कपाटात राहिला. नव्या ठिकाणी रक्त पुन्हा काढले गेले आणि रिपोर्ट येईपर्यंत माझ्या सासूबाई दाराबाहेर पिशवी पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या खेपेस मी फाईल नीट लावली होती आणि तेवढ्याने किती फरक पडतो ते पाहिले. सरकारी रुग्णालयात तुम्हाला तपासणारी व्यक्ती दर वेळी वेगळी असते. ओपीडीत तुमचे पोट तपासणाऱ्या डॉक्टर बाळंतपणाच्या रात्री ड्युटीवर असतीलच असे नाही, आणि ज्या असतील त्यांना तुमच्याविषयी फाईलमध्ये लिहिले असेल तेवढेच ठाऊक असते. म्हणून या लेखात तब्येतीच्या जोडीने कागदांविषयीही बरेच लिहिले आहे. उपचाराच्या बाबतीत अर्थातच तुम्हाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे म्हणणे प्रमाण मानावे.

१. कुठे नाव घालायचे ते आधी ठरवा

महापालिकेची व्यवस्था ढोबळमानाने तीन पायऱ्यांची आहे. वस्तीजवळची प्रसूतिगृहे मुख्यतः विनाअडचणीच्या बाळंतपणांसाठी आहेत; त्यांच्यावर उपनगरीय रुग्णालये; आणि सर्वांत वर केईएम, सायन, नायर आणि कूपर ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालये. याखेरीज राज्य सरकारचे कामा रुग्णालय आणि परळचे १९२६ साली सुरू झालेले वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही नावे मुंबईकरांना परिचयाची आहेत.

घराजवळचे ठिकाण सोयीचे असते हे खरे. पण आधीचे सिझर, जुळी, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली असणे यांपैकी काहीही असेल, तर सुरुवातीपासून मोठ्या रुग्णालयात नाव घालावे. काहीच अडचण नसेल तरी पहिल्या भेटीत सिस्टरना तीन प्रश्न विचारावेत: रात्री सिझरची सोय असते का, म्हणजेच भूलतज्ज्ञ असतात का, आजारी बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) याच इमारतीत आहे का, आणि नसेल तर इथून कोणत्या रुग्णालयात पाठवतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा. मी पहिल्या वेळी हा प्रश्न विचारलाच नव्हता, त्यामुळे रुग्णवाहिका निघाल्यावर घरचे लोक दुसऱ्याच रुग्णालयात जाऊन पोचले.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची आपली रीत आहे आणि ती रीत म्हणून वाईट नाही. मात्र नाव मुंबईत घातलेले आणि डोहाळजेवण आटोपून आठव्या महिन्यात गावी गेलेली बाई तिथल्या डॉक्टरांना पूर्ण अनोळखी असते. माहेरी जायचे नक्की असेल तर सातव्या महिन्याच्या आसपास तिथेही एकदा तपासून घ्या, मूळ कागद सोबत न्या आणि त्यांच्या झेरॉक्स मुंबईच्या घरी ठेवा.

२. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा

रुग्णालयाच्या भाषेत नाव घातलेली बाई ‘बुक्ड’ आणि न घातलेली ‘अनबुक्ड’ असते. कळा सुरू झालेल्या अनबुक्ड बाईलाही कागद नाहीत म्हणून दारातून परत पाठवणे योग्य नाही. पण तिच्या सगळ्या तपासण्या ऐन वेळी कराव्या लागतात आणि त्यात जाणारा वेळ तिचाच असतो. नऊ महिने खासगी डॉक्टरांकडे दाखवून खर्चाच्या भीतीने शेवटच्या आठवड्यात महापालिकेकडे वळणाऱ्या बायका मी ओपीडीत पाहिल्या आहेत. खासगीकडे दाखवायचे असेल तर खुशाल दाखवा. फक्त इथेही वेळेत नाव घाला.

नोंदणीला जाताना पुढील कागद मूळ प्रती आणि झेरॉक्ससह न्यावेत:
- पती-पत्नी दोघांचे आधार कार्ड
- राहत्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा विजेचे बिल) आणि असल्यास रेशनकार्ड
- बाईच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक पासबुक
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट, आधीच्या बाळंतपणाचे किंवा सिझरचे डिस्चार्ज कार्ड
- शेवटच्या पाळीची तारीख, कागदावर लिहून

इथे सर्वांत मोठा सापळा नावाचा असतो. आधार कार्डावर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे आणि केसपेपरवर सिस्टरनी घाईत लिहिलेले तिसरेच, अशी स्थिती असेल तर ती गुंतागुंत पुढे योजनेच्या पैशांत आणि बाळाच्या जन्मदाखल्यात उतरते. तुमच्या आधारवर जे नाव आणि जे स्पेलिंग आहे, तेच प्रत्येक कागदावर लिहायला लावा. खिडकीवर थोडा उशीर झाला आणि मागून कुरकुर ऐकू आली तरी हरकत नाही.

नोंदणी झाली की माता व बाल संरक्षण कार्ड आणि आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारच्या माता-बाल आरोग्य नोंदीतला तुमचा क्रमांक, मिळतो. हा क्रमांक फोनमध्येही लिहून ठेवा, तो पुढे अनेकदा विचारला जातो.

३. तपासण्या आणि फाईल

किमान चार तपासण्या व्हायलाच हव्यात: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ नंतर. प्रत्यक्षात डॉक्टर याहून अधिक वेळा बोलावतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी गर्दी असते, पण डॉक्टर नक्की भेटतात.

प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि बाळाचे ठोके यांची नोंद कार्डावर झाली आहे का, हे खोलीतून बाहेर पडण्याआधी पाहावे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आला आणि कोणी काही बोलले नाही, तर स्वतःहून विचारावे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे पंडुरोग, आणि आपल्याकडे तो इतका सर्रास आढळतो की तो आजार आहे हेच लोक विसरतात. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या निदान १८० गोळ्या मिळतात. त्या कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा चहाबरोबर घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोन्ही गोळ्यांत काही तासांचे अंतर ठेवावे. शी काळी होते, तिला घाबरू नये.

सोनोग्राफीला जाताना ओळखपत्र लागते आणि तिथे एक फॉर्म भरून घेतात. तो गर्भलिंगनिदानाविरोधातील १९९४ च्या कायद्यानुसार असतो. मुलगा की मुलगी हे विचारू नये आणि कोणी सांगायला तयार असेल तर तिथून उठावे. दोघांसाठीही तो गुन्हा आहे. बाळाच्या अवयवांची तपशीलवार सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत होते आणि तिची तारीख मोठ्या रुग्णालयात उशिरा मिळते, म्हणून तिसरा महिना संपताच तारीख घेऊन ठेवावी.

फाईल अशी लावावी की अनोळखी माणसाला अर्ध्या मिनिटात समजेल. माझ्या फाईलच्या सर्वांत वर एक कोरे पान होते आणि त्यावर मोठ्या अक्षरांत रक्तगट, अपेक्षित तारीख, शेवटचे हिमोग्लोबिन, कोणत्या औषधाची ॲलर्जी आणि दोन फोन नंबर. त्याखाली रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ ‘ब’ यांचे रिपोर्ट, मग सोनोग्राफ्या तारखेच्या क्रमाने. दुसऱ्या बाळंतपणात रात्रपाळीच्या डॉक्टर ते पान वाचतच माझ्याकडे आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो थेट मागच्या वेळच्या रक्तदाबाविषयी.

४. कोणते पैसे द्यायचे नाहीत आणि कोणते मिळतात

१ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी आरोग्य संस्थेतील बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त, साध्या बाळंतपणात तीन आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचा आहार आणि येण्याजाण्याचे वाहन हे सर्व विनामूल्य आहे. गरोदर स्त्री आणि तान्ह्या बाळासाठी १०२, आणि आणीबाणीत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र स्त्रीला पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरी मुलगी झाल्यास ६००० रुपये एकाच हप्त्यात मिळतात. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आरोग्यसेविकेमार्फत होतो आणि पैसे थेट बाईच्या खात्यात जमा होतात. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातींतील स्त्रियांना शहरी भागात ६०० रुपये मिळतात. अर्ज अडकतो तो बहुधा खाते आधारशी जोडलेले नसल्याने किंवा वर सांगितलेल्या नावाच्या घोळाने.

आता अप्रिय गोष्ट. बाळ झाल्यावर वॉर्डात ‘खुशी’ मागितली जाते. आमच्याकडेही मागितली गेली, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला मुलगा झाला म्हणून तिच्याकडे जास्त. सिस्टर इन्चार्जकडे तक्रार करता येते आणि करावी. नातेवाइकांपैकी कोण बोलेल, हे आधीच ठरवून ठेवा; थकलेल्या बाळंतिणीवर ते ओझे टाकू नका.

५. पिशवी

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत भरून दाराजवळ ठेवावी. आईसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, टॉवेल, चप्पल, पेला आणि ताट. बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेली सहा-सात सुती दुपटी, झबली, टोपडी, लंगोट आणि मोजे. नवे कोरे कपडे न धुता घालू नयेत. जुनी मऊ दुपटी उत्तम. दागिने घरी ठेवावेत. फाईल पिशवीच्या तळाशी ठेवू नये, ती बाजूच्या कप्प्यात हवी.

६. केव्हा निघायचे

पहिलटकरणीला कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभराच्या आणि तासभर सलग येऊ लागल्या की निघावे. दुसऱ्या खेपेस त्याआधीच निघावे. पुढीलपैकी काही झाले तर मात्र कळांची वाट पाहू नये: पाणी जाणे (विशेषतः ते हिरवट असेल तर), रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, चेहरा सुजणे किंवा झटका येणे. पाणी गेल्याची वेळ आणि रंग लिहून ठेवा, कारण दारात पहिला प्रश्न तोच असतो. ‘मघाशी कधीतरी’ या उत्तराचा डॉक्टरांना काहीच उपयोग होत नाही.

७. लेबर रूममध्ये

लेबर रूम शांत नसते, याची मनाची तयारी असू द्यावी. शेजारी दुसरी बाई कळा देत असते, आणि कोणीतरी दरडावून बोलते. सोबतीला एक स्त्री नातेवाईक आत राहू शकते का, हे ओपीडीतच विचारून ठेवावे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत सोबतीणीला परवानगी आहे, तरी प्रत्यक्षात ती जागेवर आणि गर्दीवर अवलंबून राहते. जी आत येईल ती स्वतः बाळंत झालेली आणि घाबरट नसलेली असावी.

सिझरचा निर्णय झाला तर ‘का’ हे एका वाक्यात विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. संमतीपत्र वाचून सही करा. तांबी बसवण्याची संमती त्याच गठ्ठ्यात असू शकते. तांबी बसवून घेणे ही चांगली सोय आहे, पण ती तुम्हाला हवी असेल तरच. याविषयीचे बोलणे घरी, कळांच्या कितीतरी आधी झालेले असावे.

बाळ बाहेर आल्यावर आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात; त्याने गर्भाशय आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. ते चुकवायचे नसते.

८. पहिला तास आणि पहिले दोन दिवस

बाळाला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि तासाभरात पाजावे, हाच शास्त्रीय नियम आहे. सिझरनंतरही आई शुद्धीवर असेल तर मदतीने पाजता येते. आपणहून कोणी बाळ दिले नाही तर मागून घ्या. पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ते चमचाभरच येते आणि बाळाच्या इवल्याशा पोटाला तेवढेच पुरते. ‘दूधच नाही’ असा निकाल वॉर्डातल्या चार बायका पहिल्याच दिवशी देऊन टाकतात. माझ्याही वेळी दिला. मध्यरात्री एका सिस्टरनी माझा हात धरून स्तनाच्या काळ्या भागाच्या मागे दाब कसा द्यायचा ते दाखवले, थेंब आला, आणि त्या काहीही न बोलता पुढच्या खाटेकडे गेल्या. पाजायला मदत हवी असेल तर नातेवाइकांपेक्षा सिस्टरना हाक मारा.

मध, गुटी, गूळपाणी, साधे पाणी यांतले काहीही सहा महिने देऊ नये. मधाने तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. पावडरच्या दुधाची जाहिरात करणे आणि फुकट डबे वाटणे १९९२ च्या कायद्याने निषिद्ध आहे. कोणी डबा हातात ठेवलाच तर परत करावा.

बाळाच्या पायाला किंवा हाताला बांधलेल्या पट्टीवर आईचे नाव, जन्मवेळ आणि लिंग बरोबर आहे का, ते लगेच पाहावे. त्याचबरोबर बाळाचे वजन किती (२५०० ग्रॅमच्या खाली असल्यास अधिक जपावे लागते), ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले का, आणि बीसीजी, पोलिओचा शून्य (जन्मानंतर लगेचचा) डोस व २४ तासांच्या आत द्यायची कावीळ ‘ब’ची लस कार्डावर नोंदली का, हे विचारावे. अंघोळ पहिल्या २४ तासांत घालू नये. नाळेला तेल, हळद, राख काहीही लावू नये आणि काजळही घालू नये. आजेसासूबाईंना हे सांगण्याचे काम डॉक्टरांवर सोपवले तर घरात शांतता राहते.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा रक्तगट समजल्याशिवाय घरी जाऊ नये. बाळ पॉझिटिव्ह असल्यास आईला अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गरोदरपणात रक्तगटामुळे बाळाला होणारा धोका टाळणारे) ७२ तासांत मिळायला हवे आणि सुट्टीच्या दिवसांत हेच राहून जाते.

९. बाळ एनआयसीयूत असेल तर

आईला वाटते की आपल्या हातात काही उरले नाही. तसे नसते. दर दोन-तीन तासांनी दूध काढून द्यावे, रात्रीही. कांगारू पद्धतीने, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, धरायची परवानगी कधी मिळेल ते रोज विचारावे. स्वतःचे दूध पुरत नसेल तर मातृदुग्धपेढी (इतर आयांनी दान केलेले दूध साठवणारी पेढी) आहे का, हे विचारावे. आशियातील पहिली अशी पेढी १९८९ साली सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

१०. डिस्चार्ज

साध्या बाळंतपणानंतर ४८ तास राहणे हिताचे आहे, कारण धोका याच काळात जास्त असतो. खाट रिकामी हवी म्हणून लवकर सोडत असतील तर बाळाने शी-शू केली आहे, ते नीट ओढून पिते आहे आणि आईचा रक्तदाब आज तपासला आहे, एवढे पाहून मगच निघावे. डिस्चार्ज कार्डावर बाळंतपणाचा प्रकार, बाळाचे वजन आणि वेळ, दिलेली औषधे आणि पुढची तारीख लिहिलेली असावी.

घरी गेल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटरी सुजून दुखणे, तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही झाले तर आईने परत यावे. बाळाने पिणे सोडले, मिनिटाला ६० हून अधिक वेळा श्वास घेतला, अंग गार पडले किंवा तापले, झटका आला, पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला किंवा तो तळपायांपर्यंत पोचला, तर थांबू नये. आईचे रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल तर तोही आजार आहे. डॉक्टरांशी बोलावे किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

११. जन्मदाखला

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते आणि ती रुग्णालयच कळवते; तरी कळवले आहे का, हे डिस्चार्जच्या वेळी विचारावे. नोंद होते ती बाळ जिथे जन्मले तिथल्या विभाग कार्यालयात, तुम्ही राहता तिथल्या नव्हे. आम्ही आमच्या कार्यालयात दोन चकरा मारल्यावर हे समजले.

बाळाचे नाव ठरले नसेल तरी नोंद अडत नाही. ते १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. १ मे २०२४ किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळाचे नाव सरकारी कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहिले जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला ग्राह्य धरला जातो, म्हणून दाखला हातात आल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी प्रत्येक अक्षर वाचावे.

१२. दीड महिन्यानंतरची भेट

सहा आठवडे झाले की बाळाची पुढची लस ठरलेली असते आणि तिला कोणी चुकत नाही. त्याच सुमारास, बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास, आईचीही तपासणी व्हायची असते: टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन, गर्भाशय मूळ स्थितीत आले का, आणि पुढचे बाळ केव्हा किंवा नको. लसीकरणाच्या रांगेत मी विचारले तेव्हा सातपैकी एकीनेच स्वतःचा केसपेपर काढला होता. बाकीच्यांच्या फायली घरी होत्या. तुम्ही जाताना दोन्ही फायली घेऊन जा आणि आधी आपला केसपेपर काढा, कारण बाळंतिणींची ओपीडी बहुधा लसीकरणाच्या आधी बंद होते.